ओळ १८७ : आत्मपर लेखनाच्या कार्यशाळेतलं एक प्रकरण

या प्रकरणातली नावं, नोकऱ्या आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. २६ जुलैची तारीख आणि पावसाचे आकडे तसेच ठेवले आहेत, कारण गुंता सुटत गेला तो त्यांच्यामुळेच.

पार्श्वभूमी

दादरला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. जून ते ऑगस्टमधले आठ रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. सहभागी अकरा, वयं चोवीसपासून सत्तरपर्यंत. मार्गदर्शक दोघं: मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका आणि बरीच वर्षं दिवाळी अंकाचं काम पाहिलेले एक संपादक. पुढे त्यांना बाई आणि संपादक एवढंच म्हटलं आहे. विषय आत्मपर ललित लेखन, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातला खरा प्रसंग घेऊन लिहिलेला लेख.

रीत ठरलेली होती. लेख १५०० शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये, १४ पॉइंट, दुहेरी अंतर, समासात ओळींचे क्रमांक. गुरुवारी रात्री पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. बाकीच्यांनी ती छापून, पेन्सिलीनं खुणा करून रविवारी आणायची. ज्याचा लेख त्यानं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं आणि पुढची पंचवीस मिनिटं गप्प बसायचं. लेखकानं गप्प बसण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन-कार्यशाळेतून (स्थापना १९३६) इतरत्र पसरली. वाचकाच्या शेजारी बसून लेखक कधी खुलासे देत नसतो, तेव्हा कार्यशाळेतही द्यायचे नाहीत, असा त्यामागचा साधा हिशोब.

सुजाता (नाव बदललं आहे) सदतीस वर्षांची, बँकेत नोकरी. शाळेत निबंधाला बक्षिसं मिळालेली, नंतर फेसबुकवर अधूनमधून लिहिणं. वडील फोर्टमधल्या एका छापखान्यात बाइंडर होते, २०१९ मध्ये गेले. तिला त्यांच्यावर लिहायचं होतं आणि प्रसंगही पक्का होता: २६ जुलै २००५ च्या पावसात वडील फोर्टहून कुर्ल्याला रात्रभर चालत आले ती रात्र. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

पहिला खर्डा

खर्डा आला तो २९०० शब्दांचा, बारा पानं. सुरुवात अशी:

‘वरुणराजानं मुंबापुरीवर थैमान घातलं होतं. चहूकडे जलप्रलय. त्या काळरात्री माझा बाप मृत्यूच्या जबड्यातून चालत घरी आला.’

पहिली चार पानं पावसाची होती. वडील दिसतात ते पाचव्या पानावर. शेवटचं दीड पान थेट वडिलांना उद्देशून: ‘बाबा, आजही पाऊस आला की तुमची पावलं ऐकू येतात.’ मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या कुणालाही हा साचा ओळखू येईल. आधी निसर्गवर्णन, मध्ये प्रसंग, शेवटी गहिवर. ‘थैमान’, ‘काळरात्र’, ‘तांडव’ हे शब्द तिचे नव्हतेच, दुसऱ्या दिवशीच्या पेपरांचे होते. ‘माझा बाप’ हाही घरातला शब्द नव्हता. घरात ती त्यांना ‘बाबा’ म्हणायची आणि अहो-जाहो करायची. ‘बाप’ आला होता कवितावाचनाच्या व्यासपीठावरून. बारा पानांत तो सहा वेळा येतो, आणि दरवेळी वाक्य फुगलेलं असतं.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं आणि अशा चुका दर कार्यशाळेत निघतात. प्रकरण अडलं ते दुसरीकडे.

पहिलं वाचन आणि अडचण

तिसऱ्या रविवारी वाचन झालं. पहिलं पान संपता संपता सुजाताचा आवाज गेला. कुणी पाणी दिलं. मग एक सहभागी म्हणाले, ‘मी त्या दिवशी सायनला बसमध्ये अडकलो होतो,’ आणि त्यानंतर प्रत्येकाची २६ जुलै बाहेर आली. पंचवीस मिनिटांची पन्नास झाली. लेखाबद्दल जे बोललं गेलं ते एवढंच: ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांसमोर उभं राहिलं’, ‘काही बदलू नका’.

मार्गदर्शकांच्या धरून बारा प्रती सुजाताच्या हातात परत आल्या. त्यांतल्या फक्त पाच प्रतींवर पेन्सिल चालली होती, दोन मार्गदर्शकांच्या आणि तीन सहभाग्यांच्या. आठवड्यानं तिनं बाईंना विचारलं, ‘आता यात करण्यासारखं काही उरलंय का?’ उपरोध नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

एका सहभाग्यानं नंतर सांगितलेलं वाक्य इथे नोंदवण्याजोगं आहे: ‘बाप गेलाय तिचा, आणि मी काय तिला अनुस्वार दाखवू?’ आत्मपर लेखनाच्या कार्यशाळेत हे सर्रास होतं. कथा असेल तर लोक पात्राबद्दल बिनधास्त बोलतात. इथे पात्र समोर खुर्चीत बसलेलं असतं, त्यामुळे लोक आयुष्याला दाद देतात आणि कागद तसाच राहतो. रडवणाऱ्या लेखाला सगळ्यांत निरुपयोगी अभिप्राय मिळतात. आणि गप्प बसण्याच्या नियमामुळे सुजाताला ‘अहो, मला लेखाबद्दल सांगा’ एवढंही म्हणता आलं नाही.

काय करता आलं असतं

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारच्या मध्ये मार्गदर्शकांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, गटाला बाजूला ठेवून संपादकांनी लाल पेनानं लेख स्वतः नीट करून द्यायचा. लेख सुधारला असता, बाकी दहा जणांच्या हाती काही लागलं नसतं. दुसरी, सुजाताला हा विषय सध्या ठेवून दुसरा हलका विषय घ्यायला सांगायचं. दुःख ताजं असेल तर हा सल्ला बरोबर असतो, पण इथे वडिलांना जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिला लिहायचं होतं. तिसरी, अभिप्राय देण्याची रीतच बदलायची.

तिसरी निवडली. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बसवलेली चार टप्प्यांची पद्धत घेतली आणि मराठी गटाला चालेल अशी वाकवली. मूळ टप्पे असे: आधी पाहणाऱ्यांनी काय मनात राहिलं ते सांगायचं, मग कलाकारानं प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी ज्यांत मत दडलेलं नाही असे तटस्थ प्रश्न विचारायचे आणि शेवटी परवानगी घेऊन मत द्यायचं.

पहिल्या टप्प्यात एक अट घातली: ओळीचा क्रमांक सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. ‘छान’ला क्रमांक नसतो, त्यामुळे तो शब्द आपोआप गळला. तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड गेला. ‘पावसाचं एवढं वर्णन कशासाठी?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला शेरा आहे. ‘बाबा वाचकाला पहिल्यांदा कुठे भेटावेत असं वाटतं?’ हा प्रश्न आहे. यातला फरक गटाच्या अंगवळणी पडायला दोन रविवार लागले. चौथा टप्पा मात्र आपल्याकडे जमला नाही. ‘शेवटाबद्दल मला मत आहे, सांगू का?’ असं सत्तरीच्या काकांनी पंचविशीच्या मुलीला विचारणं सगळ्यांनाच नाटकी वाटलं. मग मतं चिठ्ठीवर लिहून द्यायची ठरली. लेखकानं वाटलं तर उघडायची.

शिवाय एक काम घरी करायचं: परत आलेल्या सगळ्या प्रतींवरच्या खुणा एका कोऱ्या प्रतीवर उतरवायच्या. कंटाळवाणं काम, दीड-दोन तास जातात. पण त्यात एक गोष्ट कळते, ती म्हणजे दोन-तीन जणांची पेन्सिल एकाच जागी थांबली का, आणि जिथे एकाचीच थांबली तिथे काय आहे.

ओळ १८७

सुजातानं चौथ्या आणि पाचव्या रविवारच्या मध्ये खुणा उतरवल्या. आठव्या पानावर, १८७ व्या ओळीशी, एकाच प्रतीवर बारीक प्रश्नचिन्ह होतं. वाक्य साधं होतं, अख्ख्या खर्ड्यातल्या फुगीर वाक्यांत हरवलेलं: ‘पँट मांडीपर्यंत चिखलानं भरलेली, आणि शर्टाच्या बाहीला इस्त्रीची घडी.’

प्रश्नचिन्ह शिवणकाम करणाऱ्या एका सहभागी बाईंचं होतं. पाचव्या रविवारी त्यांनी तटस्थ प्रश्न म्हणून तो विचारला: ‘रात्रभर पावसात चाललेल्या माणसाच्या बाहीला सकाळी घडी कशी?’

सुजाताला उत्तर देता आलं नाही. घडी पाहिल्याचं तिला पक्कं आठवत होतं, कारण तेव्हाही ती तिला विचित्र वाटली होती. वाक्य लिहिताना मात्र ते तसंच हातून गेलं होतं. असे तपशील लेखकाच्या नकळत कागदावर उतरतात आणि बाकीच्या कथनाशी भांडत बसतात. वाचणाऱ्याचं काम त्या भांडणावर बोट ठेवणं एवढंच. या बाईंचा शेरा एका विरामचिन्हाचा होता, आणि आठ रविवारांत त्याच्या तोडीचा दुसरा अभिप्राय आला नाही.

तासवारी

संपादकांनी तिला तासवारी करायला दिली. एका मोठ्या कागदावर चार रकाने: वेळ, मी स्वतः पाहिलं ते, मला कुणी सांगितलं ते, कागदोपत्री आहे ते. मंगळवार २६ जुलैच्या दुपारपासून बुधवार २७ च्या सकाळपर्यंत तासातासाला एक ओळ. ज्या रकान्यात काही नाही तो रिकामा ठेवायचा.

भरल्यावर चित्र असं झालं. दुसरा रकाना दुपारी चारनंतर पहाटेपर्यंत जवळजवळ रिकामा. तिसरा भरगच्च. चौथ्याला लागलेला वेळ दोन संध्याकाळी, आणि त्यातून खर्ड्यातल्या तीन गोष्टी पडल्या.

पहिली. खर्ड्यात वडील ‘सीएसएमटी’हून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) चालायला लागतात. स्टेशनच्या नावात ‘महाराज’ आलं ते २०१७ मध्ये. २००५ साली लोक सीएसटी म्हणत, आणि वडील तर शेवटपर्यंत व्हीटीच (व्हिक्टोरिया टर्मिनस, जुनं नाव) म्हणायचे. एका अक्षरानं सगळा परिच्छेद आजचा होऊन बसतो.

दुसरी. खर्ड्यात फोर्टला कमरेएवढं पाणी आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला सुमारे ७३. उपनगरं बुडत असताना दक्षिण टोकाला जुलैतला एक नेहमीचा जोराचा पाऊस होता. फोर्टमधला माणूस संध्याकाळी ऑफिसातून निघाला तो कशाकडे चाललोय हे माहीत नसताना. लोकल बंद, मोबाइल लागत नाहीत. खर्ड्यातल्या जलप्रलयापेक्षा ही अजाण सुरुवात कितीतरी धारदार आहे, आणि ती आकड्यांतून मिळाली.

तिसरी. ‘आम्ही रात्रभर टीव्हीवर पाणी बघत होतो.’ आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, आपण वर मावशींकडे होतो. लाइट संध्याकाळच्या आतच गेलेली. टीव्ही कुठला?’ तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं होतं. टीव्हीवरची दृश्यं नंतरच्या दिवसांतली, मागाहून त्या रात्रीत येऊन बसलेली.

इथे निर्णयाची पहिली खरी जागा आली. चुकीच्या आठवणीचं करायचं काय? गुपचूप दुरुस्त करता येते. किंवा सगळंच कथा म्हणून लिहायचं, मग ९४४ की ७३ याची फिकीर नाही. किंवा चूक तशीच दाखवायची आणि ती चूक आहे हेही सांगायचं. गटात दोन तट पडले. ‘वाचक काय पाऊस मोजायला बसणार आहे?’ हा मुद्दा जोरात मांडला गेला. बाईंचं म्हणणं होतं की स्टेशनच्या नावासारखी चूक निमूट सुधारावी, तिच्यात अर्थ काही नाही. टीव्हीची चूक मात्र ठेवावी, कारण जी रात्र आपण पाहिलीच नाही ती पाहिल्याचं आपल्याला का आठवतं, हाच लेखाचा विषय असू शकतो. सुजातानं ते मानलं.

म्हणे, असावं, होतं

एक पाठ व्याकरणाचा निघाला. बाईंनी तिला खर्ड्यातली क्रियापदं तीन रंगांत रंगवायला सांगितली: पाहिलेलं निळं, ऐकलेलं लाल, अंदाजाचं हिरवं. पहिल्या खर्ड्यात सगळं निळं निघालं. वडील परळच्या पुलाखाली थांबले, सायनला छातीएवढ्या पाण्यातून गेले, हे सगळं ती तिथे असल्यासारखं.

मराठीत या तिन्हींना वेगळी रूपं हाताशी आहेत आणि लिहिणारे ती वापरत नाहीत. पाहिलेल्याला साधा भूतकाळ: ‘बाबा आले.’ अंदाजाला ‘असावेत’, ‘असणार’, ‘असतील’, आणि यांतही खात्रीचा उतार आहे. ‘थांबले असणार’ म्हणणारा जवळजवळ ठाम असतो, ‘थांबले असतील’ म्हणणाऱ्यानं सोडून दिलेलं असतं. ऐकलेल्याला ‘म्हणे’. पण ‘म्हणे’ जपून. ‘बाबा रात्रभर चालले म्हणे’ एकदा चालतं, तिसऱ्यांदा आलं की कुचकं वाटायला लागतं, जणू निवेदकाचा विश्वासच नाही. त्यापेक्षा सांगणारा माणूस वाक्यात आणावा: ‘आई सांगायची, सायनला पाणी छातीपर्यंत होतं.’ माहितीही येते आणि आईही.

दुसऱ्या खर्ड्यात ‘म्हणे’ एकदाच ठेवलं, शेवटाकडे, आणि तिथे ते कुचकंच हवं होतं. त्याचं कारण पुढे.

लालबागची रात्र

घडीचा प्रश्न घेऊन सुजाता धाकट्या भावाकडे गेली. तो तेव्हा बारा वर्षांचा. तो म्हणाला, ‘बाबा नानाकाकांकडे होते ना रात्री. तुला माहीत नाही?’ आईनं आधी नाही म्हटलं, मग गप्प बसली, मग हो म्हणाली.

नानाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, राहणार लालबाग. आजोबांची पागडीची, म्हणजे रक्कम मोजून कायमच्या भाड्यानं घेतलेली, खोली होती, तिची भाडेपावती काकांच्या नावावर झाली. १९९४ मध्ये सुजाताचे आईवडील कुर्ल्याला आले आणि दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. अकरा वर्षांनी त्या रात्री वडील चालत चालत लालबागला पोचले आणि वर गेले. पहाटे निघून नऊ-दहा किलोमीटर चालत घरी आले. ‘रात्रभर चालले’ ही गोष्ट आईनं चाळीत सांगितली आणि ती तशीच राहिली. भाऊ झोपेचं सोंग घेऊन पडला होता म्हणून त्याला कळलं.

पहिल्या खर्ड्यातला शूर बाप यानं गेला, हे खरं. त्याच्या जागी एक माणूस आला, ज्याला पूर ओलांडण्यापेक्षा भावाचा जिना चढणं जड गेलं असणार. सहाव्या रविवारी सुजातानं दुसरा खर्डा आणला, २१०० शब्द. त्यात लालबागची रात्र होती आणि खोलीचा सगळा इतिहासही होता: पावती कधी बदलली, कुणी सही केली, ‘नानाकाकांनी परस्पर नाव चढवून घेतलं’.

पीडीएफ फुटली

तो खर्डा नेहमीप्रमाणे ग्रुपवर गेला. शनिवारी रात्री सुजाताच्या चुलत भावाचा फोन आला: ‘हे काय लिहिलंयस?’ कुणीतरी सद्भावनेनं, ‘बघ किती सुंदर लिहिलंय’ म्हणत ओळखीच्या माणसाला पाठवलं होतं, आणि लालबाग-परळमध्ये कुठलीही गोष्ट दोन हातांत घरी पोचते. इमारत पुनर्विकासाला गेलेली, चुलत भावंडांत क्षेत्रफळावरून आधीच बोलणी चालू. काका हयात नाहीत, काकू आहेत.

ही चूक पूर्णपणे कार्यशाळेच्या रचनेची होती. खऱ्या माणसांबद्दलचा कच्चा मजकूर, नावांसकट, अकरा फोनवर फिरवायचा आणि वर गुप्ततेबद्दल पहिल्या दिवशी एक वाक्य बोलून मोकळं व्हायचं, हे चालणारं नव्हतं. त्या रविवारपासून पीडीएफ बंद झाली. क्रमांक घातलेल्या छापील प्रती हॉलमध्येच द्यायच्या, तिथेच वीस मिनिटं वाचायच्या आणि जाताना परत घ्यायच्या. झेरॉक्सचा खर्च गटानं वाटून घेतला. घरी निवांत वाचून खुणा करण्याची सोय गेली, हा तोटा खरा आहे.

आता वाटा चार होत्या. लेख सोडून देणं. नावं-गाव बदलणं, ज्याचा कुटुंबात काडीचाही उपयोग नाही, कारण घरचे लोक बदललेलं नावही ओळखतात. लालबाग ठेवून खोलीचा वाद काढणं. किंवा सगळं ठेवून काकूंना दाखवणं.

संपादकांनी कायद्याची बाजू मांडली. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पासून, त्याआधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९). मृत माणसावरचा आरोपही त्यात बसू शकतो, जर तो माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि आरोपाचा हेतू नातेवाइकांना दुखावण्याचा असेल. ‘पण हे खरंच आहे’ एवढा बचाव फौजदारी कायद्यात पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. ‘परस्पर नाव चढवून घेतलं’ हे वाक्य सुजातानं स्वतः पाहिलेलं नव्हतं. तीन रंगांच्या हिशोबात ते लाल होतं, आणि तिनं निळ्यात लिहिलं होतं.

कायद्यापेक्षा लेखाची गरज जास्त बोलकी ठरली. पावतीचा परिच्छेद काढून वाचला तेव्हा गटातल्या कुणालाच त्याची उणीव भासली नाही. ‘दोघं भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण खोली होती, मुंबईत असतं तसं.’ एवढ्या दोन वाक्यांत काम झालं.

काकूंकडे

निर्णय झाला तो तिसऱ्या-चौथ्या वाटेच्या मधला. वाद काढायचा, आणि उरलेला लालबागचा भाग काकूंना वाचून दाखवायचा. बाईंनी तिला दोन गोष्टी बजावल्या. अख्खा लेख न देता काकूंचा संबंध आहे तेवढीच पानं न्यायची. आणि ‘चालेल ना?’ असं न विचारता ‘यात काय चुकलंय?’ असं विचारायचं. परवानगी मागितली की माणूस हो किंवा नाही म्हणतो. चूक विचारली की आठवायला लागतो.

सुजाता सातव्या आठवड्यात गेली. काकूंनी ऐकलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. ‘भावोजी झोपले नाहीत गं. हे पण नाही. दोघं गॅलरीत बसून होते. बोलले असतील-नसतील, मला नाही माहीत.’ आणि दुसरी: ‘यांचा शर्ट दिला होता घालायला. तो नको म्हणाले. मग त्यांचाच पिळून इस्त्रीनं वाळवला. दोनदा फिरवली तरी बाहीचा दंड ओलाच.’

१८७ व्या ओळीचं उत्तर मिळालं. भावाकडे रात्र काढली, पण भावाचा शर्ट अंगाला लावला नाही.

निष्पत्ती

आठव्या रविवारी तिसरा खर्डा वाचला गेला, १६५० शब्दांचा. पाऊस चार पानांवरून एका परिच्छेदावर आला. ‘बाप’ हा शब्द गेला. वडिलांना उद्देशून असलेलं दीड पान गेलं. सुरुवात आता अशी आहे:

‘बाबा सकाळी सव्वासहाला आले. पँट मांडीपर्यंत चिखलानं भरलेली. मी बाही पाहिली. विचारलं नाही.’

जपून ठेवलेलं ते एक ‘म्हणे’ चाळीबद्दल आलं: ‘बाबा रात्रभर चालले म्हणे, असं लोक अजून सांगतात.’

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या वेळी एकाच जागी रेघ मारली. काकूंच्या तोंडी ‘बाहीचा दंड’ होतं, सुजातानं ते ‘दंडाकडचा भाग’ असं केलं होतं. तो काकूंचाच शब्द परत घातला.

लेख त्या वर्षीच्या दिवाळी अंकांना उशिरा पोचला. ऑगस्टअखेर बहुतेकांची जुळणी होत आलेली असते, आणि ज्या एका अंकाकडून उत्तर आलं त्यात ‘अंक लागला’, म्हणजे आता जागा नाही, एवढंच होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात दुसऱ्या, लहान अंकाकडे पाठवला. त्यांनी दोनशे शब्द कमी करायच्या अटीवर घेतला आणि छापला. काकूंनी अंक ठेवून घेतला. चुलत भाऊ अजून बोलत नाही. आईनं लेख वाचलेला नाही, तिला वाचायचा नाही, आणि सुजातानं आग्रह केला नाही.

कार्यशाळेच्या बाजूनं बाकीही आहे. रीत बदलल्यावर दोन सहभागी यायचे थांबले. एकानं सांगितलं, ‘मी लिहायला आलो होतो, चौकशी करायला नाही.’ आठांतले तीन रविवार बऱ्याच अंशी एकाच लेखावर गेले, आणि चौघांच्या लेखांना दुसरं वाचन मिळालंच नाही. त्यांची तक्रार रास्त होती.

वेगळं काय करता आलं असतं

तिसऱ्या रविवारी, पन्नासपैकी पहिल्या दहा मिनिटांतच, बाईंनी चर्चा थांबवायला हवी होती. त्यांना ते जाणवलं होतं, पण रडणाऱ्या माणसासमोर ‘आता ओळ क्रमांक सांगा’ म्हणणं त्यांना निर्दय वाटलं. चहा आधी घेऊन, पंधरा मिनिटांनी परत बसता आलं असतं. आता चहाची वेळ वाचनानंतर लगेच ठेवतात, मध्यंतराची वाट पाहत नाहीत.

शब्दमर्यादा पाळायला लावायला हवी होती. १५०० ची मर्यादा असताना २९०० स्वीकारले, विषय नाजूक आहे म्हणून. १५०० त बसवायला लागली असती तर पावसाची दोन-तीन पानं तिनं स्वतःच काढली असती आणि बाहीची ओळ आधी दिसली असती. की तीच ओळ पहिल्यांदा कापली गेली असती? संपादकांना हीच भीती वाटते. म्हणून नव्या तुकडीत कापलेला मजकूर फेकायचा नाही, वेगळ्या कागदावर चिकटवून आणायचा असं ठरलं आहे.

तासवारी दुसऱ्या रविवारी सगळ्यांनाच द्यावी, खर्ड्याच्या आधी. यावर दोन्ही मार्गदर्शकांचं एकमत नाही. बाईंच्या मते आधी चुकीचं, भरभरून लिहू द्यावं. आठवण आधीच तपासायला बसलं तर माणूस चौकशी अहवाल लिहितो, आणि इस्त्रीच्या घडीसारखी गोष्ट त्यात कधीच येत नाही, कारण तिला कुठल्या रकान्यात घालायचं हेच कळत नाही.

हयात माणसांची यादी मात्र पहिल्याच दिवशी व्हावी, यावर दोघांचं एकमत झालं. एक कागद, दोन प्रश्न: माझ्या लेखात येणारी कोणती माणसं हा लेख वाचू शकतात, आणि त्यांना तो माझ्याकडून कळावा की दुसऱ्या कुणाकडून. पुढच्या तुकडीत हा कागद वाटला तेव्हा बारा जणांपैकी तिघांनी त्याच दिवशी विषय बदलला. एकानं यादीत स्वतःचंच नाव लिहिलं.